‘बोल पटकन’ म्हणण्याआधीचा सेकंद

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झालं. आता हा दिवस राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. यंदा आमच्या शाळेतही फोटोला हार, दोन भाषणं झाली आणि गोणपाटाची आठवण निघाली. बसायला गोणपाट घरून न्यायचं, संध्याकाळी परत आणायचं, शिपाई नसेल तर पाणी नाही. हे बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवलंय. नंतर चहा घेताना एक सहकारी म्हणाले, “ते तेव्हाचं हो. आता आपल्याकडं सगळी पोरं सारखीच.” मीही मान डोलावली.

त्याच आठवड्यात आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत मला नमुना पाठ घ्यायचा होता, म्हणून माझा विज्ञानाचा तास मोबाइलवर रेकॉर्ड केला. प्रश्न साधा होता: गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून थेंब कुठून येतात? पहिल्या बाकावरचा हुशार मुलगा “अं… म्हणजे…” करत राहिला आणि मी “हां, सांग की” म्हणत थांबलो. मग मागची मुलगी. ऊसतोडीच्या टोळीबरोबर बीडकडून आलेली, दिवाळीनंतर पटावर चढलेली. “बोल पटकन. बरं, बस.” माझ्या या दोन वाक्यांच्या मध्ये एक श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता.

हा सेकंद अमेरिकेतल्या विज्ञान-शिक्षण संशोधक मेरी बड रो यांनी पन्नासेक वर्षांपूर्वीच मोजलाय. वर्गांच्या शेकडो ध्वनिफिती ऐकून त्यांनी दाखवलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात. त्यातही शिक्षकांना जी मुलं वरची वाटतात त्यांना जवळपास दोन सेकंद मिळतात, खालची वाटतात त्यांना एकाहून कमी. ज्याला जास्त वेळ हवा, त्यालाच कमी!

एका सेकंदात डोक्यात काय काय व्हायचं असतं ते बघा. प्रश्नाचे शब्द कार्यस्मृतीत, म्हणजे डोक्यातल्या तात्पुरत्या पाटीवर, धरून ठेवायचे. तिथे एका वेळी मोजक्याच गोष्टी मावतात. मग दीर्घस्मृतीतून ‘वाफ’, ‘गार’, ‘हवा’ हे धागे ओढून काढायचे, त्यांचं वाक्य जुळवायचं आणि सगळ्यांसमोर बोलायचा धीर गोळा करायचा. घरी बंजारा बोली असेल तर एक भाषांतर जास्तीचं. ‘सर रागावतील’ ही धास्तीही त्याच कार्यस्मृतीत जागा अडवते. मूल गप्प राहतं, शिक्षकाला वाटतं ‘येत नाही हिला’, पुढच्या वेळी तो आणखी कमी थांबतो. अभियांत्रिकीत याला धन प्रतिपोषण म्हणतात, माईक स्पीकरसमोर धरल्यावर किंचाळतो तसं. फरक इतकाच, की इथं आवाज वाढत नाही, शांतता वाढते. रो यांनी शिक्षकांना तीन सेकंद थांबायला शिकवलं तेव्हा उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ कमी झालं आणि ‘मठ्ठ’ समजली जाणारी मुलंही बोलू लागली.

पेपर तपासतानाही हेच होतं. भारतात झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उत्तरपत्रिकांवर मुलांची जात खरी न लिहिता, चिठ्ठ्या टाकून ठरवावी तशी वाटून दिली होती. ‘खालच्या’ जातीची नोंद असलेल्या पेपरांना ०.०३ ते ०.०८ प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून साधारण किती विखुरलेत त्याचं माप) इतके कमी गुण पडले. प्रमाण विचलन १५ गुणांचं धरलं, तर साधारण अर्धा ते सव्वा गुण. गठ्ठ्यातल्या पहिल्या पेपरांत हा फरक जास्त होता. तपासणाऱ्याला दर्जाचा अंदाज येईपर्यंत तो वरच्या नोंदीकडे बघून अंदाज बांधतो, असं यातून दिसतं.

बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी सांगणाऱ्या चाचण्यांवर पालक हल्ली हजारो रुपये घालवतात. त्यांना काडीचा शास्त्रीय आधार नाही. पण पहिल्या आठवड्यातच ‘हा चालेल, ही नाही’ ठरवणाऱ्या आम्हा मास्तरांना तरी कुठे असतो?

म्हणून शिक्षक प्रशिक्षणाबद्दल माझी तक्रार आहे. शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्येच शाळेतल्या भेदभावाला मनाई केली, पण सेकंदाचा पंचनामा कोण करणार? आपण एक दिवस सभागृहात ‘संवेदनशीलते’च्या स्लाइड्स बघतो, वडापाव खातो आणि सही करून घरी येतो. मनातले सुप्त कल, म्हणजे आपल्याही नकळत असलेले पूर्वग्रह, बदलू पाहणाऱ्या ४९२ अभ्यासांचा एकत्र आढावा २०१९ साली निघाला. त्यात दिसलं, की कल थोडे हलवता येतात, पण त्यामुळे वागणं बदलतंच असं नाही. कर्मवीर भाऊराव पाटील अण्णांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं तेव्हा सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायला, एकत्र जेवायला ठेवली. त्यांनी भाषणावर न थांबता व्यवस्थाच बदलली.

फलटणच्या ‘डाएट’ने, म्हणजे शिक्षकांना प्रशिक्षण देणाऱ्या आमच्या जिल्हा संस्थेने, प्रत्येक शिक्षकाला स्वतःचे दोन तास रेकॉर्ड करून सेकंद मोजायला लावावेत. पेपरावरचं नाव मागच्या पानावर जावं. प्रश्न कुणाला, हे डब्यातल्या काड्यांनी ठरवावं. मी आइस्क्रीमच्या काड्यांवर पटावरची नावं लिहिली आहेत. काडी काढायची, नाव घ्यायचं आणि मनात मोजायचं: एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन. तिसरा आकडा जीव खातो. वर्ग गप्प, बाहेर उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी तेवढी ऐकू येतात.

पहिल्या बाकावरचा मुलगा मात्र परवा फुरंगटून म्हणाला, “सर, माझी काडी डब्यात आहे ना नक्की?”