खडू खाणाऱ्या मुलात कमी काय असतं?

दुसरी-तिसरीतलं मूल वर्गात पाटीवरची पेन्सिल कुरतडतं, घरी भिंतीचे पोपडे काढून तोंडात टाकतं. मग कुणीतरी सांगतं, "कॅल्शियम कमी असेल," आणि गोळ्या सुरू होतात. शोधायला हवं असतं ते आधी लोह.

रांगतं बाळ सगळंच तोंडात घालतं, त्याची काळजी नको. पण दोन वर्षांपुढचं मूल महिनाभर किंवा जास्त काळ माती, खडू, राख, कागद असं काही खात राहिलं, तर त्याला 'पायका' म्हणतात. मॅगपाय या पक्ष्याचं हे लॅटिन नाव.

आपल्या वैद्यांनी हे फार पूर्वी टिपलं होतं. चरकसंहितेत पांडुरोगाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यातला पाचवा माती खाल्ल्याने होणारा. पांडू म्हणजे फिकट! माती आणि फिकटपणा यांची सांगड तेव्हाच घातली गेली होती, याचं मला फार अप्रूप वाटतं. आज कळतं ते असं, की हे चक्र दोन्ही बाजूंनी फिरतं. रक्तातलं लोह घटलं की अशा वस्तूंची ओढ लागू शकते आणि काही प्रकारची माती आतड्यात लोहाला धरून ठेवते, म्हणजे जेवणातलं लोहही अंगी लागत नाही. मातीतून जंतांची अंडी जातात, ती वेगळीच. जुन्या रंगाच्या पोपड्यांत शिसं असू शकतं आणि लोह कमी असलेलं शरीर ते जास्त शोषून घेतं. शिसं थेट मेंदूच्या वाढीवर घाव घालतं.

२०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात ५ ते ९ वयाची सुमारे २४ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. ती सगळी खडू खात नाहीत, आणि पायकामागे कधी मनावरचा ताण किंवा स्वमग्नताही असते. तरी पहिली तपासणी रक्ताचीच करा. पाच ते अकरा वर्षांच्या मुलाचं हिमोग्लोबिन ११.५ च्या खाली नको.

मुलाला मारू नका, चारचौघांत लाजवू नका. ते लपून खाऊ लागेल आणि डॉक्टरांना काही कळणारच नाही. सकाळच्या चहा-चपातीतला चहा बंद करा, तो लोह शोषू देत नाही. मेथी, मटकी, नाचणीवर लिंबू पिळा. शाळेत लोहाची गुलाबी गोळी मिळते, ती चुकवू नका. कॅल्शियमची गोळी डॉक्टरांनी दिलीच असेल, तर दोन्ही एका वेळी देऊ नका.