चांदीचे चार अणू

फिल्मवर फोटो काढण्याची हौस पुन्हा वाढली आहे आणि तिच्याबरोबर एक जुनं विधानही पुन्हा कानावर पडतंय: फिल्मवरची प्रतिमा सलग, डिजिटलची तुकड्यातुकड्यांची. ऐकायला पटतं. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र जवळजवळ उलटं चित्र दिसतं.

फिल्म म्हणजे पारदर्शक पट्टीवरचा जिलेटिनचा थर आणि त्यात विखुरलेले सिल्व्हर ब्रोमाइडचे स्फटिक. एकेक स्फटिक साधारण मायक्रॉनभर, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तेवढ्यातही चांदीचे अब्जावधी आयन मावतात. प्रकाशकण आदळला की ब्रोमाइडचा एक इलेक्ट्रॉन सुटतो, स्फटिकात भटकतो आणि एखाद्या दोषाच्या जागी अडकतो. त्याच्या ऋणभाराकडे चांदीचा मोकळा धन आयन ओढला जातो, दोघं भेटतात आणि चांदीचा एक अणू जन्माला येतो. गर्नी आणि मॉट या भौतिकशास्त्रज्ञांनी १९३८ साली ही उकल मांडली.

पण एकटा अणू टिकत नाही, थोड्याच वेळात विस्कटतो. तेवढ्यात दुसरा येऊन मिळाला तर जोडी तग धरते. असे चारेक अणू जमले की त्या स्फटिकाचं भवितव्य ठरलं! अजून डोळ्यांना काहीच दिसत नसतं. फिल्म डेव्हलपर नावाच्या रसायनात बुडवली की त्या चार अणूंपासून सुरुवात होऊन अख्ख्या स्फटिकाची काळी चांदी होते. प्रकाशाने केलेलं काम इथे अब्जावधी पटींनी वाढतं. ज्या स्फटिकात पुरेसे अणू जमलेच नाहीत, तो पुढे हायपो नावाच्या रसायनात विरघळून जातो. थोडक्यात, स्फटिक एकतर काळा होतो किंवा नाहीसा. निगेटिव्हवरची राखाडी छटा म्हणजे काळ्या कणांची कमी-जास्त दाटी.

आता ते 'दोष'. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून बनतं, आणि पूर्वी काही जिलेटिनची फिल्म तल्लख निघे, काहींची मठ्ठ. कोडॅकमधल्या सॅम्युएल शेपर्ड यांनी १९२०च्या दशकात कारण शोधलं: मोहरीच्या तेलात असतात तशी गंधकाची संयुगं. चरताना गाईंच्या पोटात मोहरीवर्गातली झाडं गेली की ही संयुगं अंशमात्र जिलेटिनमध्ये उतरत आणि स्फटिकावर सिल्व्हर सल्फाइडचे सूक्ष्म ठिपके तयार करत. इलेक्ट्रॉन अडकतात ते तिथेच. पुढे गंधक मोजूनमापून मिसळलं जाऊ लागलं.

डिजिटल सेन्सरमध्ये हा गुणाकार नाही. सिलिकॉनवर पडलेला एक प्रकाशकण फार तर एक इलेक्ट्रॉन सोडवतो. पिक्सेलमध्ये असे हजारो इलेक्ट्रॉन साठत जातात, शटर बंद झाल्यावर त्यांचा एकूण भार मोजला जातो आणि मग त्याचा आकडा होतो. चौदा बिटच्या कॅमेऱ्यात त्या आकड्याच्या १६,३८४ पायऱ्या. स्फटिकाला दोनच अवस्था, पिक्सेलला हजारो. मग तुकड्यांची प्रतिमा नेमकी कोणाची?

'फिल्ममध्ये जीव असतो' म्हणणाऱ्यांना जे दिसतं ते मात्र खोटं नाही. पिक्सेल काठोकाठ भरला की तपशील संपला; ढगाचा नुसता पांढरा चट्टा होतो. फिल्मवर मोठे स्फटिक आधी कामी येतात आणि छोटे मागे शिल्लक राहतात, म्हणून निगेटिव्हवर उजळ भाग हळूहळू मावळतो. हे स्फटिकांच्या लहानमोठेपणाचं गणित आहे. जीवबीव काही नाही. भुतंही नाहीत. फिल्मवरची बरीच 'भुतं' एकाच फ्रेमवर दोनदा शटर उघडल्याची असत, आणि डिजिटल फोटोतले तरंगते गोळे बहुधा लेन्सजवळच्या फ्लॅशने उजळलेली धूळ असतात. तंत्र बदललं, भुतांनी पोशाख बदलला.

एका बाबतीत मात्र फिल्म सपशेल हरते. प्रकाश फारच अंधूक असेल तर दुसरा अणू येण्याआधी पहिला विस्कटतो. एक्स्पोजरचा वेळ दुप्पट केला तरी नोंद दुप्पट होत नाही. सेन्सरमध्ये जमा झालेला इलेक्ट्रॉन असा परत जात नाही. त्याची अडचण वेगळी: उष्णतेनेही इलेक्ट्रॉन सुटतात, म्हणून दुर्बिणींवरचे सेन्सर अतिथंड ठेवावे लागतात. दुर्बिणींवर पूर्वी वापरल्या जाणाऱ्या काचेच्या छायापट्ट्या शंभरातल्या जेमतेम दोन-तीन प्रकाशकणांची दखल घेत. चांगला सीसीडी, म्हणजे डिजिटल सेन्सरचा एक प्रकार, ऐंशी-नव्वदांची घेतो. बॉइल आणि स्मिथ यांनी १९६९ मध्ये बेल लॅब्समध्ये सीसीडीची कल्पना मांडली, त्याबद्दल २००९ चं नोबेलही मिळालं. फोटोग्राफर फिल्म की डिजिटल यावर वाद घालू लागले, त्याच्या कितीतरी आधी खगोलशास्त्रज्ञ सीसीडीकडे वळले होते.