उन्हाळी शिबिरे व उमेदवारी, शालेय (कोल्हापूर)

आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांनी वार्षिक परीक्षा संपल्यापासून जूनच्या मध्यास शाळा पुन्हा भरेपर्यंतच्या काळात एखाद्या संस्थेत, कार्यशाळेत, प्रयोगशाळेत किंवा कारागिराजवळ राहून घेतलेल्या शाळेबाहेरच्या शिक्षणास उन्हाळी शिबिर किंवा उन्हाळी उमेदवारी म्हणतात. शिबिरातला कार्यक्रम मुलांसाठी मुद्दाम आखलेला असतो. उमेदवारीत काम आधीपासून चालू असते, ते कोणासाठी थांबत नाही आणि त्या चालत्या कामात मुलाला आपली जागा शोधावी लागते. कोल्हापुरात बोलण्याच्या ओघात दोन्हींना ‘कॅम्प’ किंवा ‘इंटर्नशिप’ म्हटले जाते. परंतु पालकांची आणि मुलांची निराशा बहुतेक वेळा एकाची अपेक्षा धरून दुसऱ्यात नाव घातल्यामुळे होते, म्हणून हा भेद आरंभीच लक्षात घेणे इष्ट ठरते.

‘उमेदवार’ हा शब्द आशा या अर्थाच्या ‘उमेद’ या फारसी शब्दावरून आला आहे. आज तो निवडणुकीशी जोडला गेला असला, तरी पुढे काम मिळेल या आशेने आधी बिनपगारी काम शिकणारा, हा त्याचा जुना अर्थ ‘उमेदवारीचा काळ’ या प्रयोगात अजून टिकून आहे. कोल्हापूरच्या पेठांत आणि कारखान्यांत यासाठी ‘हाताखाली राहणे’ असे म्हणतात. ‘अमक्या मिस्त्रींच्या हाताखाली होतो’ एवढे सांगितले की त्या माणसाला काय येत असेल, याचा अंदाज ऐकणाऱ्याला येतो.

या शहराच्या कलाक्षेत्राची घडण बऱ्याच अंशी अशा उमेदवारीतून झाली आहे. बाबुराव पेंटर (१८९०–१९५४) यांनी कोणत्याही कलाशाळेत शिक्षण घेतले नव्हते. आनंदराव या आपल्या नात्यातील बंधूंसोबत नाटकांचे पडदे रंगवता रंगवता ते चित्रपटाकडे वळले आणि त्यांनी स्वतःचा कॅमेरा तयार केला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल आणि व्ही. शांताराम हे काम करता करता तयार झाले, आणि पुढे १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी स्थापन करणाऱ्यांत हे तिघे होते. प्रभातची सुरुवात कोल्हापुरातच झाली. ती पुण्यास गेली १९३३ मध्ये.

शालेय शिक्षणात कामाला स्थान मिळवून देण्याच्या प्रयत्नांतही या जिल्ह्याचा वाटा आहे. आजरा तालुक्यात जन्मलेले आणि गारगोटी येथे मौनी विद्यापीठ उभारणारे शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक हे देशाच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या कोठारी आयोगाचे (१९६४–६६) सदस्य-सचिव होते. प्रत्येक विद्यार्थ्याच्या शिक्षणात ‘कार्यानुभव’ असावा, ही शिफारस याच आयोगाची. पुढे १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ ही संकल्पना पुढे आणली. बहुतेक शाळांत मात्र कार्यानुभव हा कागदी फुले, खडू आणि मेणबत्त्या करण्याचा तास होऊन बसला, हे मान्य केले पाहिजे. याला ठळक अपवाद पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमाचा. तेथे मुले गावाला खरोखर लागणाऱ्या सेवा देत देत शिकतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या काळात केव्हातरी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांजवळ शिकण्याची तरतूद आहे. सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना सुट्टीच्या काळातही अशी संधी देता येईल, असे त्याच धोरणात नमूद आहे.

सुट्टीचे गणित इयत्तेप्रमाणे बदलते. नववी आणि अकरावी संपवलेल्या मुलांची सुट्टी बहुधा ‘व्हेकेशन बॅच’ नावाच्या खासगी वर्गांत जाते, कारण पुढचे वर्ष बोर्डाचे असते आणि एप्रिलमध्येच त्याचा अभ्यासक्रम सुरू केला जातो. खरी मोकळीक मिळते ती दहावीची परीक्षा दिलेल्यांना. मार्चमध्ये शेवटचा पेपर झाला की निकाल लागून अकरावीचे प्रवेश होईपर्यंत तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ हाती असतो, अभ्यासक्रम मागे लागलेला नसतो, आणि विज्ञान, वाणिज्य, कला, तंत्रनिकेतन की आय. टी. आय. हा निर्णय तोंडावर आलेला असतो. कोणत्या शाखेला जायचे हे ठरवण्यापूर्वी त्या वाटेवरचे काम डोळ्यांनी पाहण्याची अशी संधी शालेय जीवनात पुन्हा येत नाही. आणि नेमका हाच काळ बहुतेक घरांत टंकलेखन, इंग्रजी संभाषण किंवा निव्वळ वाट पाहण्यात सरतो.

कोल्हापुरात उमेदवारीला सर्वाधिक वाव यंत्रकामाच्या क्षेत्रात आहे. शिवाजी उद्यमनगरातील लहान कार्यशाळा आणि शिरोली, गोकुळ शिरगाव व कागल–हातकणंगले येथील औद्योगिक वसाहती मिळून ओतकाम (वितळलेला धातू साच्यात ओतून भाग घडवणे) आणि त्यावरील यंत्रकामाची एक मोठी साखळी तयार झाली आहे. येथे शाळकरी मुलाला काय शिकता येते, हे तपासणीच्या टेबलापाशी चांगले दिसते. लेथवरून उतरलेले जॉब, म्हणजे यंत्रावर घडवलेले सुटे भाग, क्रेटमधून टेबलावर येतात, शेजारी ड्रॉइंग लावलेले असते आणि व्हर्नियरने एकेक माप घेऊन ‘ओके’, ‘रिवर्क’ आणि ‘रिजेक्ट’ असे ढीग करायचे असतात. शाळेतील व्हर्नियरचे लघुत्तम माप ०.१ मिलिमीटर असते, येथील ०.०२ मिलिमीटर. नवा मुलगा एकच जॉब तीनदा मोजतो आणि त्याला तीन वेगळी मापे मिळतात. जबडे किती दाबायचे, व्हर्नियर तिरका धरला गेला का, जॉबला बारीक चूर चिकटला आहे का, हे त्याच्या अजून ध्यानात आलेले नसते. मग मिस्त्री त्याला यंत्रावरून नुकताच उतरलेला गरम जॉब लगेच मोजू नकोस, असे सांगतात. १०० मिलिमीटर व्यासाचा पोलादी जॉब ४० अंशांनी तापलेला असेल, तर तो जवळपास ०.०५ मिलिमीटरने फुगलेला असतो, आणि ड्रॉइंगवर दिलेली सूट, म्हणजे मापात चालणारा फरक, कधीकधी तेवढीच असते. उष्णतेने होणारे प्रसरण हा पुस्तकातला धडा अशा वेळी एका जॉबच्या स्वीकृतीचा किंवा भंगारात जाण्याचा प्रश्न होतो. आपल्या चुकीची किंमत कोणाला तरी मोजावी लागते, ही जाणीव शिबिरात सहसा येत नाही. उमेदवारीचे वेगळेपण तिच्यातच आहे.

मुलाला टेबलापाशी ठेवायचे, भट्टीपाशी नाही, याला कायद्याचाही आधार आहे. बाल व किशोरवयीन कामगार (प्रतिबंध व नियमन) अधिनियम, १९८६ मध्ये २०१६ साली झालेल्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मुलास, कुटुंबाच्या व्यवसायातील मदतीसारखे मोजके अपवाद वगळता, कोणत्याही व्यवसायात कामाला लावता येत नाही, आणि १४ ते १८ या वयोगटातील किशोरांना खाणी, ज्वालाग्राही व स्फोटक पदार्थ आणि घातक प्रक्रिया यांपासून दूर ठेवणे बंधनकारक आहे. ओतकाम कायद्याने घातक प्रक्रियांत गणले गेले आहे. म्हणून धातूचा रस ओतताना पाहणे ही सुरक्षित अंतरावरून घडवलेली भेट असू शकते, उमेदवारी असू शकत नाही. किशोर कामगारांबाबत याच अधिनियमात सलग तीन तासांनंतर किमान एक तास विश्रांती, विश्रांती धरून दिवसाला सहा तासांची कमाल मर्यादा आणि सायंकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत कामास बंदी अशा अटी आहेत. शिकायला आलेल्या मुलालाही त्याच मर्यादा लावणे हे कार्यशाळेच्या मालकाचे किमान कर्तव्य समजावे. ‘शिकतोय की’ म्हणून मुलाला दिवसभर गाळा झाडायला आणि चहा आणायला लावले जाते, तेव्हा उमेदवारी संपलेली असते आणि बिनपगारी मजुरी सुरू झालेली असते. गाळा झाडणे कमी प्रतीचे काम आहे असे नाही. पण दुसऱ्या आठवड्यातही मुलाच्या हाती केरसुणीखेरीज काही आले नसेल, तर पालकांनी जाऊन विचारले पाहिजे.

कोल्हापुरी चपलेच्या कारागिरीत हाच प्रश्न वेगळ्या रूपात समोर येतो. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर यांबरोबर कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर हे जिल्हे समाविष्ट आहेत. चामडे भिजवून मऊ करणे, रापीने तळ कापणे, आरीने भोके पाडून वादीने शिवणे, कान बसवणे आणि पातळ पट्ट्यांची वेणी विणणे ही कामे कारागिरांच्या घरांतील मुले सुट्टीत वडिलांशेजारी बसून शिकतात. कुटुंबाच्या व्यवसायात शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत मदत करण्यास, काम घातक नसेल तर, कायद्याने मुभा आहे. या शिक्षणाला मात्र कोणी इंटर्नशिप म्हणत नाही आणि त्याचे प्रमाणपत्रही कोणी देत नाही. त्याच शहरातील दुसऱ्या वस्तीतले मूल तीन दिवसांच्या हस्तकला कार्यशाळेत शुल्क भरून एक वेणी विणते, आणि ते त्याच्या अर्जात नोंदले जाते. जातीने नेमून दिलेल्या कामाकडे पाहण्याची समाजाची जुनी नजर येथे नव्या शब्दांआड तशीच राहते. शाळांनी अशा घरगुती शिक्षणाचीही नोंद घेतली, तर अन्याय थोडा तरी कमी होईल.

शेतकरी कुटुंबांतील मुलांचीही हीच स्थिती आहे. मे महिन्यात उसाची भरणी, वळीव पडून गेल्यावरची मशागत आणि महिनाअखेरीस भाताची धूळवाफ (पावसाआधी कोरड्या मातीत केलेली) पेरणी या कामांत ती घरच्यांबरोबर असतात. बियाणे किती खोल पडावे, वळिवाच्या किती पावसावर पेरणीचा भरवसा धरावा, हे निर्णय त्यांच्यासमोर घेतले जातात. गुऱ्हाळांचा हंगाम मात्र सुट्टी लागेपर्यंत आटोपत आलेला असतो, त्यामुळे काहिलीपाशी (रस आटवण्याच्या मोठ्या कढईपाशी) उभे राहून गुळव्याचा, म्हणजे गूळ तयार करणाऱ्या कारागिराचा, अंदाज शिकायचा असेल, तर दिवाळीच्या सुट्टीचा विचार करावा लागतो.

शिबिरांविषयी थोडक्यात सांगता येईल. कुस्ती, फुटबॉल, पोहणे, गिर्यारोहण, चित्रकला आणि नाट्य यांची वासंतिक शिबिरे शहरात दर वर्षी भरतात आणि त्यांना उत्तम प्रतिसाद मिळतो. वाचनाची आवड असलेल्यांसाठी १८५० मध्ये स्थापन झालेले करवीर नगर वाचन मंदिर आहे. इतिहासाची ओढ असलेल्या मुलांनी टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालय सावकाश पाहावे. कोल्हापुरातील ब्रह्मपुरी या जुन्या वस्तीच्या टेकाडाच्या उत्खननात सापडलेल्या वस्तू, त्यांतही ग्रीक सागरदेवता पोसायडनची कांस्यमूर्ती, एका दुपारीत पाहून संपणाऱ्या नाहीत.

जिल्ह्याबाहेरील संधींत भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचा ‘युविका’ हा युवा विज्ञानी कार्यक्रम महत्त्वाचा आहे. २०१९ पासून चालणाऱ्या या निःशुल्क निवासी कार्यक्रमात नववीचे विद्यार्थी मे महिन्यात सुमारे दोन आठवडे संस्थेच्या केंद्रांत राहतात. निवडीत आठवीचे गुण, ऑनलाइन प्रश्नमंजूषा, विज्ञान प्रदर्शनातील सहभाग यांबरोबरच पंचायत क्षेत्रातील शाळेत शिकत असल्याबद्दलही गुण मिळतात. खेड्यांतील शाळांना ही जमेची बाजू आहे. मात्र अर्जांची वेळ साधारण फेब्रुवारी–मार्चमध्ये, म्हणजे शाळा परीक्षेच्या गडबडीत असताना येते. ऑलिंपियाड या विज्ञान विषयांच्या स्पर्धापरीक्षांच्या पुढील टप्प्यांत निवडलेल्यांची शिबिरे मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात एप्रिल ते जूनच्या दरम्यान होतात. दहावीच्या परीक्षेत आपापल्या मंडळात वरच्या १ टक्क्यात येऊन अकरावीला विज्ञान शाखा घेणाऱ्यांसाठी केंद्र शासनाच्या ‘इन्स्पायर’ योजनेतून पाच दिवसांची शिबिरे भरवली जातात. प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना (वय २१ ते २४) आणि महाराष्ट्राची मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना (वय १८ ते ३५) यांची नावे पालकांच्या कानावर असतात, पण त्या शाळकरी वयासाठी नाहीत.

अमेरिकेत विद्यापीठांचे शालेय विद्यार्थ्यांसाठीचे उन्हाळी कार्यक्रम फार पूर्वीपासून चालतात. १९८४ मध्ये सुरू झालेल्या रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूटसारखे मोजके कार्यक्रम निवड झालेल्यांकडून शिक्षणशुल्क घेत नाहीत. बाकीच्यांपैकी बरेच सशुल्क असतात. त्या धर्तीवरील ऑनलाइन ‘संशोधन इंटर्नशिप’च्या जाहिराती आता कोल्हापूरच्या पालकांपर्यंतही पोहोचतात. शुल्क भरताच प्रवेश मिळतो आणि मार्गदर्शक कोण ते कळत नाही, अशा ठिकाणी विकत मिळते ते प्रमाणपत्र. त्यापेक्षा मुलाने रोजवही ठेवावी. आज काय पाहिले, काय करून पाहिले, काय चुकले आणि ते कोणी दुरुस्त केले, हे त्याने स्वतःच्या हाताने लिहावे आणि आठवड्याच्या शेवटी खाली मिस्त्रींची सही घ्यावी.

आजवर या संधी मिळण्याचा मार्ग मुख्यतः ओळखीचा राहिला आहे. मामाचा कारखाना किंवा वडिलांच्या मित्राची प्रयोगशाळा असलेल्या मुलाला दार सहज उघडते. मुलींच्या वाट्याला हे दार आणखी उशिरा येते. यंत्रकामाच्या गाळ्यांत स्वच्छतागृहाची सोय नसणे, एवढे साधे कारणही त्यासाठी पुरते. दूरच्या तालुक्यांतील मुलांची अडचण राहण्याची असते. शाहूवाडी, गगनबावडा, आजरा किंवा चंदगडहून रोज एस. टी.ने येऊन सहा तास काम शिकणे शक्य नसते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभारली, ती खेड्यातल्या मुलाला शहरात शिकायचे तर आधी पाठ टेकायला जागा हवी, हे ओळखून. त्या परंपरेतील वसतिगृहांच्या कित्येक खोल्या मे महिन्यात, मुले गावी गेल्यामुळे, कुलूपबंद असतात. दहावी झालेल्या मुलामुलींना तीन-चार आठवडे त्या उघडून देण्यासाठी नवी इमारत लागत नाही. संस्थेचा एक ठराव, एक अधीक्षक आणि जेवणाचा खर्च एवढे पुरेसे आहे.