जागा आहे, पण फाइल मावत नाही

आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचं शूटिंग मामांना द्यायचं होतं. व्हिडिओ ५.६ जीबीचा, पेन ड्राइव्ह ३२ जीबीचा आणि कोरा. कॉपी करायला घेतलं तर विंडोजने पहिल्याच क्षणी अडवलं: या ड्राइव्हच्या फाइल सिस्टिमसाठी फाइल फार मोठी आहे. शेजारी बसलेले मामा म्हणाले, "अरे, एवढी जागा मोकळी दिसतेय की. मग मावत का नाही?"

प्रश्न अगदी रास्त होता. जागा खरंच होती. अडचण जागेची नव्हती, नोंदवहीची होती.

कुठल्याही डिस्कवर फाइलींसोबत त्यांची एक वही ठेवलेली असते: कोणती फाइल, कधीची, कुठून सुरू होते, किती मोठी. ही वही कशी मांडायची याच्या पद्धतीला फाइल सिस्टिम म्हणतात. बाजारातून आणलेले ३२ जीबीपर्यंतचे पेन ड्राइव्ह आणि कॅमेऱ्याची कार्डं बहुधा 'फॅट३२' या जुन्या पद्धतीने आखलेली असतात. तिच्यात प्रत्येक फाइलच्या मुख्य नोंदीला बरोबर ३२ बाइट मिळतात. पहिले ११ बाइट नावासाठी, आठ अक्षरं नावाची आणि तीन प्रकाराची. (लांब नावं शेजारच्या जादा नोंदींमध्ये लिहिली जातात.) पुढे फाइल लपवलेली आहे का यासारख्या खुणा, मग तारीख-वेळ, सुरुवातीचा पत्ता, आणि अगदी शेवटचे चार बाइट आकारासाठी.

या चार बाइटांतच सगळी गोम आहे. एका बाइटात आठ बिट, म्हणजे चार बाइटांत शून्य किंवा एक लिहायची ३२ घरं. सगळ्या घरांत एक भरला की मोठ्यात मोठा आकडा होतो ४,२९,४९,६७,२९५. चार जीबीला एक बाइट कमी. वाण्याच्या खातेवहीत रकमेचा रकाना चारच आकडी छापलेला असेल, तर ९,९९९ पर्यंत लिहिता येईल. गल्ल्यात रोकड कितीही असो, दहा हजारांची नोंद त्या रकान्यात बसणार नाही. मामांच्या पेन ड्राइव्हचं नेमकं हेच झालं होतं.

मग रकाना एवढा अरुंद का आखला? माझ्या मते तो अरुंद नव्हताच. फॅटची मूळ कल्पना १९७७ सालची, मायक्रोसॉफ्टच्या मार्क मॅकडॉनल्ड यांची. टिम पॅटरसन यांनी ती आपल्या ८६-डॉस या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये घेतली, आणि तिथून ती १९८१च्या आयबीएम पीसीमध्ये आली. आकाराचे चार बाइट तेव्हापासूनचे. त्या पीसीच्या फ्लॉपीवर १६० केबी मावायचे. चार जीबीची एक फाइल ठेवायला अशा २६ हजारांहून जास्त फ्लॉपी लागल्या असत्या. घर बांधताना दार कुणी हत्ती जाईल एवढं ठेवत नाही.

खरा निर्णय झाला तो १९९६ साली. तोवर फॅट१६ चालत असे, आणि तिच्यात अख्खं पार्टिशनच, म्हणजे डिस्कचा स्वतंत्र आखलेला भाग, दोन जीबीवर अडायचं. डिस्कचे लहान लहान तुकडे करून त्यांना क्रमांक देतात, या तुकड्यांना क्लस्टर म्हणतात. क्रमांक १६ बिटांचा, म्हणजे तुकडे साधारण ६५ हजार. एक तुकडा फार तर ३२ केबीचा. गुणाकार करून पाहा, दोन जीबी येतात. हार्ड डिस्क त्यापुढे जाऊ लागल्या, तेव्हा विंडोज ९५च्या सुधारित आवृत्तीसोबत फॅट३२ आली. नोंदीतला सुरुवातीचा पत्ता म्हणजे हाच क्लस्टरचा क्रमांक. तो लांबवायचा होता, पण नोंद ३२ बाइटांचीच ठेवायची होती, नाहीतर जुनी वही वाचणारे सगळे प्रोग्रॅम कोलमडले असते. म्हणून क्रमांकाचे दोन भाग केले: खालचा अर्धा जुन्याच जागी राहिला, वरचा अर्धा सहा बाइट अलीकडे, दोन बाइटांच्या राखीव जागेत बसवला. आजही कुठल्याही फॅट३२ कार्डावरची नोंद उघडून पाहिली, तर पत्ता असा दोन ठिकाणी विभागलेला दिसतो. मला ही जोडणी फार आवडते. पण आकाराच्या रकान्याला कुणी हात लावला नाही. पार्टिशन दोन टीबीपर्यंत वाढलं, फाइल मात्र चार जीबीवरच राहिली.

याचा सर्वात जास्त त्रास व्हिडिओवाल्यांना. सेकंदाला १०० मेगाबिट या दराने फोर-के शूटिंग केलं, तर चार जीबी पावणेसहा मिनिटांत भरतात. म्हणून अशा कार्डावर लिहिताना अनेक कॅमेरे चार जीबी झाले की स्वतःच फाइल बंद करून नवी सुरू करतात, आणि अर्ध्या तासाच्या कार्यक्रमाचे पाच-सहा तुकडे हाती येतात. कार्डात बिघाड नसतो. तुकडे क्रमाने जोडले की काम झालं.

आता उपाय. ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, फाइल सिस्टिम तिथे लिहिलेली असते. फॅट३२ दिसलं, तर माझी पहिली पसंती एक्सफॅटला. मायक्रोसॉफ्टने ती २००६ मध्ये अशाच काढत्या-घालत्या साठवणीसाठी आणली. तिच्यात आकाराचा रकाना आठ बाइटांचा आहे, त्यामुळे घरगुती कामात मर्यादा लागणारच नाही. विंडोज आणि मॅक दोन्ही ती वाचतात आणि लिहितात. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिचा आराखडा खुला केल्यावर लिनक्सच्या गाभ्यातही तिला जागा मिळाली. पण त्यासाठी ड्राइव्ह फॉरमॅट करावा लागतो, म्हणजे त्यावरचं सगळं जातं. आधी दुसरीकडे कॉपी घ्या, त्यातल्या दोन-चार फाइली उघडून पाहा, आणि मगच फॉरमॅटचं बटण दाबा. ही पायरी गाळल्यामुळे लोकांचे घरचे फोटो गेलेले आहेत, म्हणून कळकळीने सांगतो.

डिस्कवर आधीच बराच डेटा असेल आणि ती विंडोजवरच वापरायची असेल, तर 'कन्व्हर्ट' ही कमांड डेटा न पुसता फॅट३२चं एनटीएफएस, म्हणजे विंडोजची स्वतःची फाइल सिस्टिम, करते. परतीची तशी कमांड नाही, आणि मॅक एनटीएफएस वाचतो पण सहसा लिहीत नाही. बॅकअप इथेही घ्याच.

फॉरमॅट करता येत नसेल, तर फाइलचे तुकडे. इथे बरेच जण गोंधळतात. सेव्हन-झिपसारख्या प्रोग्रॅमने केलेले तुकडे पोहोचवण्यापुरते असतात. पलीकडे सगळे पुन्हा जोडल्याशिवाय व्हिडिओ चालत नाही. व्हिडिओ एडिटरमध्ये कापलेला प्रत्येक भाग मात्र स्वतंत्र चालतो.

आणखी एक धोका आहे. काही प्रोग्रॅम आधी अडवत नाहीत. चार जीबी लिहून होईपर्यंत कॉपी चालू राहते आणि मग थांबते. ड्राइव्हवर अर्धवट फाइल राहते, नाव तेच. मूळ फाइल पुसण्यापूर्वी दोन्हीकडचे आकार बाइटपर्यंत ताडून पाहा.

मामांचा टीव्ही जुना, एक्सफॅट वाचत नाही. म्हणून शेवटी व्हिडिओच कापला. पहिला भाग आजीच्या ओवाळणीपर्यंत, दुसरा पंगतीपासून. दोन्ही तीन जीबीच्या आत बसले, आणि त्याच संध्याकाळी मामांनी ते टीव्हीवर लावले.