काठी कोणत्या हातात धरायची?

माझी आते कोकणात, आचऱ्याला राहते. तिच्या उजव्या खुब्याचा सांधा झिजला असून दिवाळीनंतर तो बदलून घ्यायचे ठरले आहे. गणपतीत घर भरलेले असताना आपण खाटेवर असणे तिला मान्य नव्हते. गेल्या मे महिन्यात मी गेलो तेव्हा ती उजव्या हातात चिव्याची, म्हणजे बारीक बांबूची, उंच काठी धरून, दर पावलाला अंग उजवीकडे टाकत खळ्यातून (अंगणातून) पडवीकडे येत होती. काठी डाव्या हातात घे, असे मी म्हणताच तिने विचारले, "दुखता तो पाय उजवो, आणि काठी डाव्या हातात कित्याक?" प्रश्न रास्त होता. एसटी स्टँडवर जरा निरखून पाहिले, तर काठी दुखऱ्या पायाच्याच बाजूला धरणारे अनेक जण दिसतात. शाळेत शिकलेल्या तरफेच्या नियमात या प्रश्नाचे उत्तर आहे, आणि खुबा बदलण्याच्या शस्त्रक्रियेतले पुष्कळसे शहाणपणही त्याच नियमातून येते.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. सांधा दुखू लागला की 'वंगण संपले' असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. सांध्यातला द्रव संपत नाही. झिजलेल्या सांध्यात तो पुष्कळदा वाढतोच. झिजते ती हाडांच्या टोकांवरची कूर्चा. खुब्यात ती जेमतेम दोन ते चार मिलिमीटर जाड असते आणि तिच्यात बहुतांश पाणी असते. पाऊल टेकले की ते पाणी कूर्चेच्या बारीक जाळ्यात कोंडले जाते आणि भाराचा मोठा वाटा तेच पेलते. जाळी विसविशीत झाली की पाणी कोंडून राहत नाही आणि भार घन भागावर येतो. कूर्चेत रक्तवाहिन्या नसल्यामुळे तिची डागडुजी अगदीच तोकडी होते, म्हणून 'वंगण परत आणणाऱ्या' गोळ्यांच्या जाहिरातींवर पैसे घालवू नयेत. कोकमाचे सार बंद करूनही काही साधत नाही. आंबटाने सांधे धरतात ही समजूत आमच्या भागात घट्ट रुजली आहे, पण खाल्लेले आंबट कूर्चेपर्यंत आंबट म्हणून पोहोचतच नाही.

आता तरफ. आपण चालतो तेव्हा प्रत्येक पावलात काही क्षण एकाच पायावर उभे असतो. आतेचे वजन साठ किलो धरू. एका पायाचे वजन शरीराच्या साधारण एक षष्ठांश, म्हणजे दहा किलो असते. त्यामुळे उजव्या पायावर उभी असताना तिच्या उजव्या खुब्याला उरलेले पन्नास किलो तोलावे लागतात. हे पन्नास किलो खुब्याच्या बरोबर वर नसतात. त्यांचा मध्य खुब्याच्या गोळ्यापासून सुमारे दहा सेंटिमीटर डावीकडे, शरीराच्या मधल्या रेषेच्याही किंचित पलीकडे असतो, कारण अधांतरी असलेला डावा पाय त्याच बाजूला लटकत असतो. कमरेचे रुंद हाड म्हणजे तराजूची दांडी आणि खुब्याचा गोळा म्हणजे तिचा टेकू, अशी कल्पना करा. दांडी डावीकडे कलू नये म्हणून उजव्या बाजूचे, विजारीच्या खिशाखाली हाताला लागणारे स्नायू तिला खाली ओढून धरतात. मात्र हे स्नायू टेकूपासून अवघ्या पाच सेंटिमीटरवर असतात. डावीकडे पन्नास गुणिले दहा, म्हणजे पाचशे. उजवीकडे तेवढेच भरायचे तर पाच सेंटिमीटरवर शंभर किलोंची ओढ लागते. टेकूला दोन्ही पारडी सोसावी लागतात, म्हणून सांध्यावर येतात पन्नास अधिक शंभर, एकूण दीडशे किलो. साठ किलोंच्या बाईच्या खुब्यावर दर पावलाला अडीचपट भार! हा हिशोब कागदावरचाच नाही. बर्लिनमध्ये जॉर्ज बर्गमन यांच्या गटाने रुग्णांना बसवलेल्या कृत्रिम खुब्यांतच मापक यंत्रणा ठेवून भार मोजले, तेव्हा साध्या चालण्यात ते याच्या आसपास भरले. ठेच लागून तोल सावरताना मात्र ते वजनाच्या सात-आठ पटींपर्यंत गेले.

आता काठी डाव्या हातात द्या. तो हात उजव्या खुब्यापासून सुमारे पंचेचाळीस सेंटिमीटर दूर असतो. आतेने काठीवर फक्त पाच किलो भार टाकला, तरी पाच गुणिले पंचेचाळीस, म्हणजे दोनशे पंचवीस त्या पाचशेतून वजा होतात. उरलेल्या दोनशे पंचाहत्तरांसाठी स्नायूंना पंचावन्न किलोंची ओढ पुरते आणि सांध्यावर ते पंचावन्न अधिक पन्नासातले काठीने पाच उचलल्यावर उरलेले पंचेचाळीस, म्हणजे शंभर किलो येतात. मनगटाने पाच किलो दाबले आणि खुब्यावरचे पन्नास किलो उतरले. प्रत्यक्षात स्नायू इतक्या शिस्तीने सैल पडत नाहीत, त्यामुळे फायदा याहून कमी मिळतो, पण त्याची दिशा हीच असते. काठी उजव्याच हातात असेल तर तिचा रेटा टेकूच्या उलट बाजूला पडून दांडी डावीकडे आणखी कलवतो, आणि मग माणूस सगळे अंग काठीवर झोकून तोल साधतो. आते नेमकी तशीच चालत होती.

पिशवीचा हिशोब याच्या उलट असतो. बाजारातून पाच किलोंची पिशवी डाव्या हातात आणली तर डावे पारडे जड होऊन उजव्या खुब्यावर तब्बल पन्नास किलो वाढतात. तीच पिशवी दुखऱ्या बाजूच्या, म्हणजे उजव्या हातात घेतली तर स्नायूंचे काम उलट हलके होते. विहिरीवरून कळशी कमरेवर घ्यायची वेळ आलीच, तर तीही त्याच बाजूला घ्यावी. काठी धरण्याची लाज फक्त आपल्यालाच वाटते असे नाही. १९५६ साली वॉल्टर ब्लाउंट या अमेरिकन अस्थिशल्यतज्ज्ञाने याच लाजेविरुद्ध आणि काठीच्या बाजूने लिहिले होते.

शस्त्रक्रियेतही हाच तराजू असतो. खुब्याचा गोळा ज्या खोलगट वाटीत फिरतो, तीही बदलावी लागते. शल्यतज्ज्ञ जॉन चार्नली यांनी इंग्लंडमधल्या राइटिंग्टन येथे आधी टेफ्लॉनच्या वाट्या बसवल्या. त्या काही वर्षांतच झिजल्या आणि झिजेच्या कणांनी आसपासच्या ऊतींचा दाह केला. १९६२ साली त्यांनी दाट पॉलिएथिलीन या प्लास्टिकची वाटी आणि धातूचा लहानसा, सुमारे बावीस मिलिमीटरचा गोळा वापरला, आणि आजच्या शस्त्रक्रियेचा पाया घातला गेला. त्यांच्या साहित्याबद्दल पुष्कळ बोलले जाते. भूमितीबद्दल फारसे कोणी बोलत नाही. त्यांनी वाटी अधिक आत, शरीराच्या मध्याकडे बसवली, म्हणजे टेकूपासून वजनापर्यंतचा दहा सेंटिमीटरांचा दांडा आखूड केला. आणि स्नायू ज्या हाडाला चिकटतात तो उंचवटा कापून बाहेरच्या बाजूला बसवला, म्हणजे टेकूपासून स्नायूंपर्यंतचा पाच सेंटिमीटरांचा दांडा वाढवला. वाटी फार आत नेण्यात हाड गमवावे लागते, म्हणून पुढच्या शल्यतज्ज्ञांनी ते पाऊल मागे घेतले. तरीही शस्त्रक्रियेआधी एक्स-रे काढताना शेजारी पुष्कळदा ठरावीक मापाची धातूची गोळी ठेवतात, ती मापे नेमकी घेता यावीत म्हणून, आणि त्यांत हे दांडेही येतात. गोळ्याच्या मध्यापासून मांडीच्या हाडाच्या अक्षापर्यंतच्या अंतराला 'ऑफसेट' म्हणतात. तो कमी राहिला तर स्नायू ढिले पडून लंगडणे टिकते आणि सांधा निखळण्याचा धोका वाढतो. यंत्रमानवाने केलेल्या शस्त्रक्रियेच्या जाहिराती हल्ली जिल्ह्याच्या गावांतही दिसतात. मोजमाप नेमके करायला यंत्र उपयोगी असेल, पण काय मोजायचे हे चार्नलींच्या काळापासून ठाऊक आहे. या सांध्यांच्या टिकाऊपणाबद्दल २०१९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या विश्लेषणानुसार शंभरातले सुमारे अठ्ठावन्न पंचवीस वर्षे टिकतात.

म्हणून तयारीत पहिला मान बाजूच्या त्या स्नायूंचा. एका पायावर उभे राहिल्यावर दुसऱ्या बाजूची कंबर खाली कलंडत असेल तर ते दुबळे झाले आहेत, ही खूण १८९५ साली फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग यांनी सांगितली. नवा गोळा कितीही गुळगुळीत असला तरी दांडी ओढून धरायला स्नायू जुनेच असतात. कुशीवर निजून वरचा पाय सरळ उचलण्यासारखा व्यायाम भौतिकोपचारतज्ज्ञाकडून शिकून, दुखणे न वाढवता, आधीच सुरू केलेला बरा.

दुसरी तयारी जंतूंविरुद्धची असते. धातूवर जंतूंचा थर बसला की तिथे औषध नीट पोहोचत नाही. त्यामुळे किडलेले दात आधी दाखवावेत, साखर आटोक्यात आणावी, लघवीची जळजळ लपवू नये. पावसाळाभर शेतात वावरणाऱ्यांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. कातडी फाटलेली तशीच असेल तर शल्यतज्ज्ञ तारीख पुढे ढकलू शकतात, आणि ते योग्यच आहे. मिश्री सोडावी, कारण निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरायला उशीर होतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी थांबवायच्या हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

आमची कोकणी घरे खुब्याच्या मुळावर उठल्यासारखीच बांधलेली असतात. जांभ्याच्या उंच पायऱ्या, उंबरठे, श्रावणापर्यंत शेवाळलेले खळे, आणि सगळे काम जमिनीवर बसून. मागच्या बाजूने छेद घेऊन शस्त्रक्रिया झाली असेल तर सुरुवातीचे काही आठवडे खुबा काटकोनापलीकडे वाकवणे, पाय पायावर टाकणे आणि पाऊल आत वळवणे टाळायला सांगतात, कारण त्या स्थितीत गोळा वाटीतून मागे निसटू शकतो. पाटावर बसले की खुबा काटकोनापलीकडे जातोच. आतेची आडाळी (विळी) आता टेबलावर घट्ट बसवायची आहे, कमोडवर उंच बैठक लावायची आहे, आणि बिछाना जमिनीवरून खाटेवर न्यायचा आहे. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि काठी आधी, हे तिने दोन दिवसांत आत्मसात केले.

काठीचा विषय तिथेच संपला नव्हता, कारण ती तिच्या छातीपर्यंत येत होती. हात सैल सोडून सरळ उभे राहिल्यावर मनगटाच्या वळीपर्यंत काठी यावी, म्हणजे कोपर किंचित वाकते आणि दाबायला जोर मिळतो. तिला भिंतीशी उभी केली, खूण केली आणि कोयतीने काठी वीतभराहून अधिक तोडली. टोकाला रबरी बूच बसवायचे राहिले होते. ते आणायला ती स्वतःच बाजारात निघाली: काठी डाव्या हातात, पिशवी उजव्या.