बालक व किशोर परिचर्या

बालक व किशोर परिचर्या : नवजात बालकापासून किशोरवयाच्या अखेरीपर्यंतच्या मुलामुलींची आजारपणात, शस्त्रक्रियेच्या आगेमागे, दीर्घकालीन विकारांत आणि निरोगी वाढीच्या काळातही केली जाणारी व्यावसायिक शुश्रूषा. परिचर्याशास्त्राची ही स्वतंत्र शाखा आहे. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वर्षे हे किशोरवय मानते, तर संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात सर्वसाधारणपणे १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे. सोळा वर्षांच्या रुग्णाला खाट कोणत्या वॉर्डात द्यायची, हा प्रश्न त्यामुळे वारंवार निघतो.

मुलांसाठी वेगळी रुग्णालये पॅरिसमध्ये १८०२ साली आणि लंडनमध्ये १८५२ साली सुरू झाली. लंडनच्या रुग्णालयात आरंभी दहाच खाटा होत्या. मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बऱ्याच रुग्णालयांत आईवडिलांना भेटीची मोजकीच वेळ मिळे. त्यामागे संसर्गाची भीती होती, तसाच एक गैरसमजही होता : आई दिसली की मूल रडते, गेली की थोड्या वेळाने गप्प होते, म्हणजे ते रुळले. ब्रिटनमधील मनोविश्लेषक जेम्स रॉबर्टसन यांनी नेमक्या या गप्प होण्याचा अभ्यास केला. आधी आकांत, मग खचणे आणि शेवटी अलिप्तपणा, असे त्याचे तीन टप्पे त्यांनी मांडले. रुग्णालयात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचे त्यांनी केलेले चित्रीकरण १९५२ मध्ये दाखवले गेले, तेव्हा अनेक डॉक्टर आणि परिचारिका चिडल्या. रुग्णालयातील मुलांच्या कल्याणाचा विचार करणाऱ्या प्लॅट समितीच्या १९५९ च्या अहवालाने ब्रिटनमध्ये पालकांना मुक्त प्रवेश द्यावा, अशी शिफारस केली. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे बालरोगतज्ज्ञ जेम्स स्पेन्स यांनी तर १९२० च्या दशकातच आजारी तान्ह्यांबरोबर आयांनाही दाखल करून घ्यायला सुरुवात केली होती. आज पालक हे पाहुणे नसून शुश्रूषेतले भागीदार मानले जातात. ‘आज हा नेहमीसारखा नाही’ हे आईचे वाक्य तापाच्या आकड्याइतक्याच गांभीर्याने नोंदवले जावे, हे या शाखेतले अनुभवी लोक आवर्जून सांगतात.

गप्प मुलाबद्दलची सावधगिरी शरीराच्या बाबतीतही तितकीच लागू पडते. धाप लागलेल्या बाळाजवळ गेल्यावर जाणकार परिचारिका त्याला लगेच हात लावत नाही. बाळ आईच्या मांडीवर असतानाच ती आईला झबले वर घ्यायला सांगते आणि पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजते. तान्ह्यांचा श्वास मुळातच अनियमित असतो; पंधरा सेकंद मोजून चारने गुणले तर आकडा फसवा येतो. दोन महिन्यांखाली मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षे ४० किंवा अधिक श्वास असतील, तर तो जलद समजतात. नाकपुड्या फुलतात का, बरगड्यांखाली खळगा पडतो का, श्वास सोडताना कण्हण्याचा आवाज येतो का, हेही त्याच मिनिटात कळते. स्टेथोस्कोप त्यानंतर, कान आणि घसा सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटला की बाळ रडू लागते आणि मग कोणत्याच आकड्याला अर्थ राहत नाही. सत्तरवर गेलेला श्वास तीसवर आला आणि बाळ निपचित पडले, तर ती सुधारणा नसून थकवा असू शकतो. रक्तदाबाचेही तसेच : मूल बराच काळ तो सावरून धरते आणि तो घसरतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून त्याआधीची चिन्हे शोधावी लागतात : नाडीचा वेग, गार पडलेली पावले, खोल गेलेली टाळू, कमी झालेली लघवी. डायपर कोरडा असताना आणि ओला झाल्यावर तोलतात. वजनातला एक ग्रॅमचा फरक म्हणजे सुमारे एक मिलिलिटर लघवी.

मोजमापाचा हा काटेकोरपणा औषधांत सर्वाधिक लागतो. डोस बहुधा किलोमागे ठरतो, त्यामुळे ताजे वजन हवेच. अंदाजे वजन लिहिणे ही या वॉर्डातली अक्षम्य सवय. दशांशचिन्ह एक घर सरकले की डोस दहापट होतो. म्हणून ‘०.५’ लिहिताना आधीचे शून्य कधी गाळत नाहीत आणि ‘५’ ला मागे ‘.०’ जोडत नाहीत. जोखमीच्या औषधांचा हिशेब दोघी जणी वेगवेगळा करतात. सलाईनचेही गणित आहे. पहिल्या दहा किलोंना दिवसाला किलोमागे १०० मिलिलिटर, पुढच्या दहांना ५० आणि त्यापुढे २०, या १९५७ पासून प्रचलित सूत्राने चौदा किलोच्या मुलाची रोजची मूळ गरज १,२०० मिलिलिटर येते. तीन किलोच्या नवजाताच्या अंगात तर एकूण रक्तच साधारण २४० मिलिलिटर असते. तिथे तपासणीसाठी काढलेला एकेक मिलिलिटरही टिपून ठेवावा लागतो.

नवजाताला वेदना फारशा कळत नाहीत, असा समज १९८० च्या दशकापर्यंत टिकून होता आणि काही शस्त्रक्रिया अगदी अपुऱ्या भुलीखाली होत. १९८७ मध्ये डॉक्टर कंवलजीत आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनाने त्याला मोठा धक्का दिला. आता बोलता न येणाऱ्या बाळाची वेदना चेहरा, पायांची हालचाल, रडणे आणि कुशीत घेतल्यावर ते शांत होते का, यांवरून जोखतात. तीनेक वर्षांपासून चेहऱ्यांची चित्रे दाखवून विचारता येते. तरीही उत्तर खरेच असेल असे नाही. ‘दुखतंय’ म्हटले की सुई मिळते, हे मूल एकाच दिवसात शिकते. सुई टोचताना तान्ह्याला अंगावर पाजणे, मोठ्याला चार जणांनी दाबून न धरता आईच्या मांडीवर बसवणे आणि शक्यतो हे सारे मुलाच्या खाटेवर न करता उपचारखोलीत करणे, ही चांगली पद्धत. खाट ही त्याची सुरक्षित जागा राहायला हवी. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला आजार म्हणजे आपल्या खोडीची शिक्षा वाटू शकते. टोचलेल्या भोकातून सगळे रक्त वाहून जाईल, अशीही त्याला भीती वाटते. त्यामुळे रक्त थांबले असले तरी वर चिकटपट्टी लावावी. तिचा उपयोग जखमेपेक्षा मुलाच्या मनाला जास्त.

किशोरवयीन रुग्णाच्या बाबतीत कसब वेगळे. इथे पालकांना थोडा वेळ बाहेर बसवावे लागते. घर, शाळा, मित्रमंडळी, व्यसन, लैंगिकता, मनःस्थिती आणि आत्मघाताचे विचार यांबद्दल विचारायचे, तेही सोप्या विषयापासून नाजूक विषयाकडे जात. बोललेले गुप्त राहील, हे आधी सांगतात. पण जिवाला धोका असेल तर ते राहणार नाही, हेही त्याच वेळी सांगणे बंधनकारक मानले जाते. नंतर सांगितले तर तो विश्वासघात ठरतो. टाइप १ मधुमेह, दमा, अपस्मार अशा विकारांत बालपणी नियमित चाललेले औषध या वयात अनेकदा चुकू लागते. त्याला बेशिस्त म्हणून मोकळे होणे सोपे असते; चारचौघांत इन्सुलिन टोचून घेण्याची लाज कोणी विचारल्याशिवाय बाहेर येत नाही. प्रौढांच्या दवाखान्यात जाण्याची तयारी त्यासाठी काही वर्षे आधीच सुरू करतात. ‘काय त्रास होतो?’ या प्रश्नावर आई बोलू लागली, तर परिचारिका मुलीकडेच पाहत राहते आणि औषधाचे नाव व डोस तिच्याच तोंडून येईपर्यंत थांबते.