पॅसेजची फरशी आणि तिच्याखालची काळी माती

धुळे, जळगाव, अमळनेरच्या जुन्या पेठांत घरांची जागा पुढून अरुंद आणि मागे लांब असते. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. त्यामुळे घर एका रेषेत मागे मागे सरकत जातं. पुढे ओटा, मग बैठक, मग स्वयंपाकघर, शेवटी मोरी आणि परसदार. या सगळ्यांना जोडतो तीन-चार फुटी पॅसेज. बैठकीत माणसं कुठेही बसतात, पण पॅसेजमध्ये घरातल्या प्रत्येकाची पावलं त्याच दोन फुटी पट्ट्यावर पडतात. घरातली सगळ्यात जास्त राबणारी फरशी हीच, आणि निवड करताना तिचाच विचार सगळ्यात शेवटी होतो. बैठकीतून उरलेल्या पेट्या इथे बसवून टाकतात. मला हे पटत नाही. पॅसेजला काय काय सोसायचं आहे ते आधी पाहावं आणि मग दुकानात जावं.

फरशी झिजते ती पायापेक्षा पायाखालच्या कणांनी. फ्रीडरिश मोह्स या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली खनिजांच्या कठीणपणाची १ ते १० अशी श्रेणी मांडली. शंखजिरं १ वर, हिरा १० वर. जास्त कठीण खनिज कमी कठीण खनिजावर ओरखडा काढतं, एवढाच तिचा नियम. वाळूत सर्रास सापडणारी गारगोटी या श्रेणीत ७ वर आहे. शहाबादी आणि कोटा हे चुनखडक, त्यांतलं मुख्य खनिज कॅल्साइट, ते ३ वर. संगमरवरही तिथेच. म्हणजे चपलेला चिकटून आलेला वाळूचा एक कण या दगडांवर दर पावलाला रेघ ओढतो. अशा हजारो बारीक रेघांवरून प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि पॅसेजचा मधला पट्टा मंद दिसू लागतो. भिंतीलगतची फरशी मात्र तशीच चमकत राहते. ग्रॅनाइटमध्ये गारगोटी आणि फेल्डस्पार असतात, म्हणून तो ६ ते ७ च्या आसपास टिकाव धरतो.

टाइल्सचं गणित वेगळं आहे. वर नक्षी छापून काचेसारखा झिलईचा थर दिलेली टाइल दिसायला सुंदर, पण तो थर मिलिमीटरभरही नसतो. झिलई घासली गेली की नक्षीही जाते, मग काही करता येत नाही. झिलईच्या टाइल्सची झीज सोसण्याची ताकद पीईआय नावाच्या मापाच्या पाच वर्गांत मोजतात, पाचवा वर्ग सगळ्यात टिकाऊ. पॅसेजसाठी चौथ्या वर्गाच्या खाली जाऊ नये. डबल चार्ज टाइलमध्ये रंगाचा थर तीन-चार मिलिमीटर जाड असतो आणि फुल बॉडी टाइल आरपार एकाच रंगाची असते, म्हणून ओरखडा तितकासा उठून दिसत नाही. ज्यांच्या घरात शेतातून थेट मागच्या दाराने ये-जा आहे, त्यांना मी मॅट फुल बॉडी टाइलच सुचवेन.

आणि ज्यांच्या जुन्या घरात शहाबादी आधीच आहे, त्यांनी ती उखडण्याची घाई करू नये. हा दगड आरपार एकसारखा असतो. मशीनने घासून नवा पृष्ठभाग काढता येतो, झिलईच्या टाइलला ही सोय नाही. मात्र चुनखडकाला आम्ल चालत नाही. लिंबाचा थेंब टाका, बारीक बुडबुडे येतात. कॅल्साइट विरघळून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि तिथे खरखरीत डाग राहतो. संडास धुण्याचं ॲसिड अशा फरशीवर ओतणं म्हणजे तिची चमक आपल्या हाताने खाऊन टाकणं.

डागांचं कारण सच्छिद्रपणात आहे. रावेर-यावलकडच्या माणसाला केळीच्या चिकाचा डाग वेगळा समजावायला नको. फरशीने पाणी शोषलं की तो चीक, हळद, तेल हेही आत शिरतं. व्हिट्रिफाइड, म्हणजे भट्टीत काचेसारखी घट्ट भाजलेली टाइल वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून कमी पाणी शोषते. भिंतीच्या सिरॅमिक टाइल्स दहा टक्क्यांहूनही जास्त शोषतात. दुकानात टाइल उलटी करून पाठीवर पाण्याचा थेंब टाकला की फरक डोळ्यांना दिसतो.

पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल पायाला धरूनच घरात येतो. ओल्या गुळगुळीत फरशीवर पाय टेकताना तळव्याखालचं पाणी बाहेर पडायला जागा नसते, त्याचा पातळ पडदा राहतो आणि घर्षण एकदम घटतं. चिकणमाती मिसळली की तो पडदा आणखी निसरडा होतो. खरबरीत पृष्ठभागाच्या खाचांत पाणी मावतं, म्हणून पाय धरतो. टाइलच्या पेटीवर आर९ ते आर१३ असा आकडा असेल तर मोठा आकडा म्हणजे जास्त पकड. मोरीजवळच्या पॅसेजला आर१० तरी घ्यावी. घरात म्हातारी माणसं असतील तर हा मुद्दा रंगाच्या कितीतरी आधी येतो. अंधाऱ्या पॅसेजला फिकी फरशी उजेड परतवते हे खरं, पण ती चकचकीत नको. दारातून तिरपा येणारा उजेड गुळगुळीत पृष्ठभागावर जास्त परावर्तित होतो आणि समोरून चालणाऱ्याला सांडलेलं पाणी दिसत नाही.

मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात गेला की आपण फरशीवर अंग टाकतो. तळपायाची त्वचा ३०-३३ अंशांवर असते. तळमजल्याची फरशी जमिनीला टेकलेली, म्हणून हवेपेक्षा बरीच थंड राहते, आणि दगड लाकडापेक्षा दहा पटींहून जास्त सहजपणे उष्णता वाहून नेतो. तो पायातली उष्णता भराभर ओढतो. वरच्या मजल्यावर याचंच उलट होतं. तिथला स्लॅब संध्याकाळी तापलेला असतो आणि तोच दगड ती उष्णता तितक्याच वेगाने पायात सोडतो. तिथे दगडासाठी जास्त पैसे घालण्यात अर्थ नाही.

पण तापीखोऱ्यात फरशीचं खरं भवितव्य तिच्या खाली ठरतं. आपली काळी माती बेसॉल्ट कुजून झालेली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज भरपूर असतं. त्याचे अतिशय पातळ थर एकावर एक रचलेले असतात आणि पाणी त्या थरांच्या मधे शिरून त्यांना दूर ढकलतं. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. एप्रिलमध्ये शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच कारणाने. घराच्या भिंती खोल पायावर उभ्या असतात, तळमजल्याची फरशी मात्र जोत्यातल्या भरावावर बसलेली असते. भराव वरखाली झाला की भिंत जागेवर राहते आणि फरशी हलते. स्कर्टिंगखाली (भिंतीच्या तळाशी लावलेल्या टाइलच्या पट्टीखाली) फट दिसते, टाइल ठोकली तर पोकळ आवाज येतो, मग मधोमध तडा जातो. मोरीचा पाइप गळत असेल तर तेवढाच भाग फुगतो.

दोष मग टाइलला दिला जातो. खरी चूक बहुतेकदा भरावात असते: पाया खणताना निघालेली काळी मातीच पैसे वाचवायला जोत्यात परत टाकलेली असते. ती काढून मुरूम भरावा, एका वेळी सहा इंचांचा थर, प्रत्येक थरावर पाणी मारून धुमसने ठोकून. त्यावर सोलिंग, म्हणजे रचून ठोकलेल्या दगडांचा थर, मग काँक्रीट, मग फरशी. शक्य असेल तर भराव एक पावसाळाभर बसू द्यावा. महागड्या टाइलपेक्षा पैसा इथे घालावा.

टाइल्स बसवताना पॅसेजची लांबी आडवी येते. टाइल एक मीटरला, एका अंशामागे साधारण सात मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढते. वीस फुटी पॅसेज म्हणजे सहा मीटर. तापमान २० अंशांनी वाढलं तर सगळी रांग जवळजवळ एक मिलिमीटर लांबते. शिवाय खालचं नवं काँक्रीट वाळताना आक्रसतं. टाइल्स एकमेकींना अगदी चिकटवून, दोन्ही टोकांना भिंतीला टेकवून बसवल्या तर हा ताण जायला जागा उरत नाही आणि एखाद्या दुपारी मधल्या दोन टाइल्स आवाज करून उचलल्या जातात. म्हणून दोन टाइल्समध्ये दोन-तीन मिलिमीटरचा स्पेसर आणि दोन्ही टोकांना भिंतीपासून पाच-सहा मिलिमीटरची मोकळी फट. ही फट सिमेंटने भरायची नाही. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते, पण मिस्तरीने पहिली टाइल टेकवण्याआधीच त्याला तसं सांगावं लागतं.